स्वस्तातल्या जपानी स्पोर्ट्‌स कार: पळायला कशा, वळायला कशा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी जपानात राहतो आणि माझ्याकडे दीड लिटरची माझदा रोडस्टर (दोन माणसांची, छत उघडणारी छोटी गाडी) आहे, एवढं कळलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: अशा स्वस्तातल्या गाड्या पळायला कशा, वळायला कशा, आणि कोणती घेऊ? गणेशोत्सवाला जमलेली मंडळी विचारतात, पुण्याहून मावसभाऊ विचारतो, न्यू जर्सीतला जुना वर्गमित्र रात्री दोन वाजता मेसेज टाकून विचारतो. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. मतं माझी आहेत आणि ती रोडस्टरवाल्याची आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

स्वस्त म्हणजे नेमकी किती स्वस्त?

जपानात नवी स्पोर्ट्‌स कार साधारण ३५ लाख येनच्या आत मिळाली तर मी तिला स्वस्त म्हणतो. येन रुपयापेक्षा बराच हलका आहे, तेव्हा आकडा ऐकून दचकू नका. दुसऱ्या पिढीची टोयोटा जीआर८६ २०२१मध्ये आली तेव्हा सगळ्यात साधं मॉडेल २७ लाख ९९ हजार येनला होतं. रोडस्टरचं साधं मॉडेल २०२४मध्ये २९ लाखांच्या आसपास होतं. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट तर २०१७ला आली ती २० लाखांच्या आत.

या वर एक मधली पायरी आहे. टोयोटाचीच जीआर यारिस आरझेड २०२०मध्ये ३९ लाख ६० हजारांना आली, होंडाची २०२२ची सिव्हिक टाइप आर जवळजवळ ५० लाखांना आणि निसान झेड ५२ लाखांच्या पुढे. त्यांना स्वस्त म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्यांच्याइतकं पळणाऱ्या युरोपीय गाड्यांच्या किमती पाहिल्या की रेटते. म्हणून त्याही घेतल्या आहेत.

सगळ्यात जोरात कोण पळते?

झेड. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे), ४०५ पीएस (अश्वशक्तीचं माप). पुढचा प्रश्न.

बरं, आकडे हवेतच असतील तर कंपन्यांनी युरोपात दिलेले सांगतो. शून्य ते शंभरला टाइप आर ५.४ सेकंद, पहिली जीआर यारिस ५.५, जीआर८६ ६.३, दोन लिटरची रोडस्टर ६.५ आणि माझ्यासारखी दीड लिटरची ८.३. म्हणजे माझी गाडी या यादीत सगळ्यात मागे, आणि सिग्नलवर एखादी वीजेवरची फॅमिली कारही तिला सहज मागे टाकते. त्याचं वाईट वाटणार असेल तर रोडस्टर घेऊ नका. इथे घाटरस्त्यांवर मर्यादा ताशी ४० किंवा ५० किलोमीटरची असते, त्यामुळे हे सेकंद खर्च करायला जागा कुठे आहे हा माझा नेहमीचा उलटा प्रश्न.

हॅण्डलिंग, हॅण्डलिंग म्हणतात ते असतं तरी काय?

ताम्हिणीचं किंवा वरंध घाटाचं एखादं वळण डोळ्यांसमोर आणा. वळणाआधी तुम्ही ब्रेक दाबता, गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात. आता स्टीअरिंग फिरवलं की नाक आत येतं. नाक किती लवकर येतं, किती खात्रीने येतं, आणि ते येताना मागची बाजू काय करते, या तीन गोष्टी म्हणजे हॅण्डलिंगचा अर्ध्याहून जास्त भाग. उरलेला भाग म्हणजे हे सगळं तुमच्या हाताला आणि बुडाला कळतं की नाही.

पुढच्या टायरांची पकड आधी सुटली तर गाडी सरळच जायला बघते, स्टीअरिंग वळवूनही. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागच्यांची आधी सुटली तर शेपूट बाहेर येतं, ते ओव्हरस्टीअर. रोजच्या गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकारच्या करतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि वेग उतरला की नाक आपोआप आत येतं. स्पोर्ट्‌स कारमध्ये हा तोल मधोमध आणलेला असतो, आणि उजव्या पायाने तो थोडा इकडे-तिकडे करता येतो. मजा त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी वजन असतं. पीएस वाढवायला टर्बो लावता येतो, वजन मात्र नंतर उतरवता येत नाही. सीट काढून टाकली तरी दहा-वीस किलोंवर काही जात नाही. एक हजार किलोच्या गाडीला वळवायला, थांबवायला, टायरवर तोलायला कमी कष्ट पडतात, म्हणून तिला रुंद टायर लागत नाहीत, मोठे ब्रेक लागत नाहीत, आणि मग तेही वजन वाचतं. जड गाडीचं उलट चक्र असतं.

जपानी आकड्यांवरून एका पीएसला किती किलो ओढावे लागतात ते पाहा. रोडस्टर साधारण साडेसात, स्विफ्ट स्पोर्ट सात, जीआर८६ साडेपाच, टाइप आर सव्वाचार, झेड चारच्या आतबाहेर. झेड इथे जिंकते, पण ती जवळपास सोळाशे किलोंची आहे. सरळ रस्त्यावर हे वजन इंजिन लपवतं, वळणात ते लपत नाही.

रोडस्टर वळणात केवढी झुकते! हा दोष नाही का?

हा प्रश्न मला दुसऱ्या आठवड्यात बायकोने विचारला होता.

झुकते, हे खरं. मऊ स्प्रिंग, हलकी गाडी. पण झुकण्याचा वेग तुमच्या हाताच्या वेगाशी जुळलेला असतो. स्टीअरिंग हळू फिरवलं तर ती हळू टेकते, आणि टेकली की तिथेच राहते. टायर किती दमलेत हे त्या झुकण्यातून कळतं. ताठ गाडीत हा निरोप येतच नाही, एकदम निकाल येतो.

१९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिली रोडस्टर दाखवली, तेव्हा तिच्या निर्मात्यांचा मंत्र होता ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. पहिल्या गाडीचं १.६ लिटरचं इंजिन १२० पीएस द्यायचं आणि वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. २०१५च्या चौथ्या पिढीत, म्हणजे इतके सुरक्षेचे नियम वाढल्यावरही, सगळ्यात साधं मॉडेल ९९० किलोंत बसवलं होतं. हे मला अजून नवलाचं वाटतं. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा गिअरसंच) यांना जोडणारी एक लांब चौकट पहिल्या पिढीपासून आहे. त्यामुळे पाय दाबला की मधे काही लवत नाही, पाठीला लगेच कळतं.

२०२२पासून एक गमतीशीर युक्ती आली. वळणात जोर वाढला की गाडी आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला अगदी हलकासा ब्रेक लावते. मागच्या सस्पेन्शनची भूमिती अशी आहे की त्या ब्रेकने बॉडी खाली ओढली जाते. नवा सुटा भाग नाही, एक ग्रॅम वजन नाही, फक्त आधीच असलेल्या ब्रेकला थोडी अक्कल. झुकणं उरतं, उचललं जाणं कमी होतं.

जीआर८६ आणि सुबारू बीआरझेड एकच गाडी ना?

जुळ्या बहिणी. दोघी सुबारूच्या गुन्मातल्या कारखान्यात बनतात, इंजिन दोघींचं सुबारूचंच: २.४ लिटर, २३५ पीएस, २५० न्यूटनमीटर (इंजिनाच्या पिळाचं, म्हणजे टॉर्कचं माप). हे इंजिन आडवं झोपलेलं असतं, पिस्टन डावी-उजवीकडे ठोसे मारतात, म्हणून त्याला बॉक्सर म्हणतात. झोपलेलं इंजिन खाली बसवता येतं आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. वळणात शिरताना ही गाडी रोडस्टरपेक्षा सपाट राहते ती यामुळेही.

फरक स्प्रिंगांत आणि स्वभावात आहे. सुबारूने पुढचं ताठ आणि मागचं मऊ ठेवलं, टोयोटाने उलट. त्यामुळे बीआरझेड पावसाळी सकाळी जास्त शहाणी वाटते आणि जीआर८६ जरा डिवचलं की शेपूट हलवते. ॲक्सिलरेटरचं पहिलं दाबणंही टोयोटात जास्त उतावळं आहे. दोन्ही पाठोपाठ चालवल्या तर कळेल, आठ दिवसांच्या अंतराने चालवल्या तर बहुतेकांना कळणार नाही. मला स्वतःला बीआरझेड आवडते. मित्र म्हणतात, वय झालं.

जीआर८६च्या आधीच्या ८६ला टोयोटाच्या साध्या हायब्रिड प्रियसचे टायर लावले होते, ही अफवा आहे का?

अफवा नाही. २०१२ची पहिली ८६ बऱ्याच मॉडेलांत मिशेलिन प्रायमसी टायरांवर यायची, रुंदी २१५. त्याच धाटणीचा टायर प्रियसच्या मोठ्या चाकांनाही मिळायचा. लोक हसले. पण त्यामागे विचार होता. पकड कमी ठेवली तर गाडीचा तोल ताशी ५०-६०लाच हाताशी येतो, १२०ला जावं लागत नाही. शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही.

त्या गाडीची खरी तक्रार वेगळी होती. २०५ न्यूटनमीटर ताकद इंजिनाच्या मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळायची, आणि साडेतीन ते साडेचार हजारांच्या मधे इंजिनाच्या जोरात खड्डा पडायचा. ओव्हरटेक करताना नेमकं त्या खड्ड्यात सापडलं की चिडचिड व्हायची. नव्या २.४मध्ये २५० न्यूटनमीटर ३,७०० फेऱ्यांनाच हजर. दहा वर्षं लोकांनी टर्बो मागितला, त्यांनी इंजिनच मोठं करून दिलं. माझ्या मते बरं केलं.

इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना असलेली गाडी स्पोर्ट्‌स कार म्हणायची का?

टाइप आर चालवण्याआधी मीही ‘नाही’ म्हणायचो.

अडचण समजून घ्या. पुढच्याच टायरांनी वळायचंही आणि ओढायचंही. ३३० पीएस त्यांच्यावर सोडले तर स्टीअरिंग हातात झटके देतं. होंडाने पुढच्या सस्पेन्शनमध्ये चाक वळण्याचा अक्ष शॉकअबपासून (शॉक ॲब्सॉर्बरपासून) वेगळा केला आणि तो चाकाच्या मध्याजवळ आणला, सोबत यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एक चाक फुकट फिरू लागलं तर दुसऱ्याला जोर देणारं) दिलं. परिणाम असा की वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर दाबला तर नाक बाहेर जाण्याऐवजी आत खेचलं जातं. पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. २०२३मध्ये या गाडीने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांची फेरी मारली आणि पुढच्या चाकांच्या गाड्यांचा विक्रम केला. गिअर हातानेच टाकायचे, ऑटोमॅटिक मिळतच नाही.

स्विफ्ट स्पोर्ट त्याच घराण्यातली गरीब पण हुशार चुलतबहीण. १.४ टर्बो, १४० पीएस, २३० न्यूटनमीटर, वजन ९७० किलो. लिमिटेड स्लिप नाही, त्यामुळे दुसऱ्या गिअरच्या वळणातून घाईने बाहेर पडलात तर आतलं चाक फुकट फिरतं. पण पैशाला जेवढी गाडी मिळायची ते पाहता मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

जीआर यारिसबद्दल काहीच नाही?

१.६ लिटर, फक्त तीन सिलिंडर, २७२ पीएस, चारही चाकांना जोर. २०२४च्या सुधारणेनंतर ३०४. वर्ल्ड रॅलीचा विचार करून बनवलेली, तीन दारांची, कार्बनच्या टपाची. पावसात, बर्फात, खराब रस्त्यावर या यादीतली कुठलीच गाडी तिच्या जवळ जात नाही. पहिल्या गाडीत एक बटण फिरवून मागच्या चाकांना ७० टक्क्यांपर्यंत जोर देता येतो. मात्र तिची मजा बरीच वेगात आहे. हळू चालवताना ती आखडलेल्या शॉकअबची छोटी हॅचबॅक वाटते.

टर्बो घ्यावी की बिनटर्बोची?

टर्बोत ताकद लवकर आणि भरपूर येते, म्हणून रोज कामाला जायला ती आळशी माणसाला सोयीची. बिनटर्बोच्या इंजिनात पाय जितका दाबाल तितकंच मिळतं, आणि फेऱ्या वाढवाव्या लागतात. रोडस्टरचं इंजिन साडेसात हजारांपर्यंत जातं, तिथे जायला मन लागतं. वळणात गाडी तोलताना पायाचं आणि चाकाचं नातं सरळ असलेलं मला बरं वाटतं.

जुनी हाचिरोकू (जपानीत ‘आठ-सहा’, म्हणजे टोयोटाची एई८६) घेऊ का?

पोस्टर घ्या. १९८३ची एई८६ आज तिच्या चालण्याच्या नव्हे, कीर्तीच्या भावाने विकली जाते. १.६चं गोड इंजिन, हलकी बॉडी, जोर मागच्या चाकांना, सगळं खरं. पण कॉमिक्सनी आणि कार्टूननी तिची किंमत कुठल्या कुठे नेली आहे.

मग सेकंडहॅण्ड काय बघावं?

पहिल्या दोन पिढ्यांची रोडस्टर बघताना इंजिनाआधी दारांखालचे सिल (पत्र्याचे उंबरे) बघा. छतावरचं पाणी जाण्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी तिथे साचतं आणि लोखंड आतून गंजतं. वरचा रंग चकचकीत असतो, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो. माझ्या ओळखीच्या एकाने रंगावर भाळून अशी गाडी घेतली आणि पहिल्या तपासणीत पत्रा कापून नवीन बसवायला लागला. पहिल्या पिढीचे बरेच सुटे भाग माझदा पुन्हा बनवते, हे मात्र मोठं सुख.

२०१२-१३ची ८६ किंवा बीआरझेड असेल तर व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम झाल्याचा कागद मागा.

माझदा आरएक्स-८ इतकी स्वस्त का, हे हमखास विचारतात. तोल अप्रतिम, नऊ हजार फेऱ्यांपर्यंत शिवणयंत्रासारखं फिरणारं रोटरी इंजिन, मागे चक्क दोन माणसं बसतात. पण त्रिकोणी रोटरच्या टोकांना असलेल्या पट्ट्या झिजल्या की कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) पडतं, गरम इंजिन सुरू होत नाही, आणि इंजिन उघडायचा खर्च गाडीच्या किमतीइतका. रोटरीच्या यंत्राने कॉम्प्रेशन मोजून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. ती तेलही पिते. तो बिघाड नव्हे, पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून तेल मुद्दामच आत सोडलेलं असतं.

होंडा एस२००० परवडत असेल तर तुम्हाला हे पान वाचायची गरज नाही. सुरुवातीच्या गाड्यांचं शेपूट ओल्या रस्त्यावर न सांगता सुटतं, एवढं लक्षात ठेवा.

लहान मूल आहे. काय घेऊ?

टाइप आर. चार जणांची जागा, मोठी डिकी. जीआर८६च्या मागच्या सीटवर पिशव्या बसतात, माणसं दुमडून. ती सीट आडवी केली की चार सुटे टायर मात्र आत मावतात. रोडस्टरची डिकी १३० लिटरच्या आसपास, दोन जणांचं शनिवार-रविवारचं सामान, तेही मऊ बॅगेत.

पाळायला खर्च किती येतो?

जपानात वार्षिक कर इंजिनाच्या आकारावर असतो. २०१९च्या ऑक्टोबरनंतर नोंदलेल्या नव्या गाडीला दीड लिटरपर्यंत ३०,५०० येन, दोन लिटरपर्यंत ३६,०००, अडीचपर्यंत ४३,५००. रोटरीला आकार दीडपट धरतात, म्हणून १.३ची आरएक्स-८ दोन लिटरच्या रांगेत बसते. नव्या गाडीची ‘शाकेन’ तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. पार्किंगची जागा आहे हे दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि तोक्योत त्या जागेचं भाडंच हप्त्याएवढं वाटायला लागतं. पेट्रोल महागातलं हाय-ऑक्टेन. टायर हलक्या गाडीला जास्त टिकतात, पुन्हा वजनच.

एकच बदल करायचा असेल तर?

टायर. त्यानंतर ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल. सायलेन्सर शेवटी, शेजारी झोपल्यावर तर नकोच. आणि टायर जास्त चिकट घेतले म्हणजे गाडी जास्त छान झाली असं नाही. रोडस्टरला फार पकडीचे टायर लावले की ती रुळांवरून गेल्यासारखी जाते आणि बोलणं बंद करते. मी एकदा केलं, पुढच्या वेळी परत मूळच्याच मापाचे साधे घातले.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, यातली कोणती मिळेल?

शोरूममध्ये एकही नाही. निसानची ३७०झेड एके काळी भारतात विकायला आली होती, मोजक्याच गेल्या. पूर्ण तयार गाडी आयात करायची तर सीमाशुल्क आणि वरचे कर मिळून ‘स्वस्त’ हा शब्दच गळून पडतो. वर जीआर८६चं पोट रस्त्यापासून फक्त १३० मिलिमीटरवर, आणि आपले गतिरोधक तुम्ही पाहिले आहेत.

मावसभावाला मी सांगितलं ते इथेही सांगतो: साधी मारुती स्विफ्ट हजार किलोंच्या आतली आहे. चांगले टायर घाल, सकाळी सहाला घाटात जा, ब्रेक वळणाआधी संपव. जुन्या होंडा सिटीची दीड लिटरची व्हीटेक, २००० सालच्या आसपासची, अजून नीट सांभाळलेली सापडली तर तीही बघ. तिचं इंजिन वर फिरायला लागलं की चेहऱ्यावर जे येतं ते लाख येनांत मोजता येत नाही.

घेण्याआधी चालवून बघायची असेल तर?

जपानात फिरायला याल तेव्हा एक दिवस स्पोर्ट्‌स कार भाड्याने घ्या, अशी दुकानं आहेत. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालतो, रस्ता डावीकडचा, स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात लगेच बसतो. ओदावाराहून हाकोनेकडे चढणारा टोल रस्ता घ्या. शक्यतो कामाच्या दिवशी, रविवारी सकाळी तिथे आमच्यासारख्यांची जत्रा असते. रोडस्टर आणि जीआर८६ दोन्ही मागा, अर्धा-अर्धा दिवस. आणि छत उघडं ठेवणार असाल तर टोपी घट्ट बसवा, माझी तिसऱ्या वळणावर गेली ती अजून मिळालेली नाही.